बाईंनी लिहिलेल्या तारखा

पाळीबद्दल घरातही कुजबुजत बोलायचे ते दिवस होते, सत्तरचं दशक. आमच्या पी.टी.च्या बाई मात्र मैदानात उभं राहून खणखणीत आवाजात विचारायच्या, "हं, तारीख कधीची?" आम्ही लाजून अर्धमेल्या. बाई शांतपणे वहीत लिहून घ्यायच्या. भिवंडीतल्या आमच्या शाळेत एवढं धारिष्ट दुसऱ्या कुणात नव्हतं.

"पाळी बंद झाली की समजायचं, अंगातलं तेल संपत आलंय, पुढं हाडंच मोडतात," त्या म्हणत. दोन महिने तारीख नाही, की मुलगी सक्तीनं घरी. निजामपुऱ्यातल्या एकीला त्यांनी स्पर्धेच्या तोंडावर बसवलं, तेव्हा तिचे वडील यंत्रमागावरची शिफ्ट टाकून भांडायला आले. "पोरगी आहे ती, लूम नव्हे," बाईंनी सुनावलं. मी त्यांच्यावर जीव टाकायला लागले ते त्या दिवसापासून. त्या भांडणानंतर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दर महिन्याला ती वही तपासू लागल्या.

मी वडप्याची. पहाटे गोठा आवरायचा, एस.टी.नं शाळा गाठायची आणि दोन्ही वेळ आठशे मीटरचा सराव. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी बाईंनी माझ्या फेऱ्या दुप्पट केल्या. झोप उडाली, पाय जड झाले, पाळी थांबली.

"चार महिनं झालं, तू बाहेर बसली न्हाय. बाईंना सांगितलंस का?" आईनं विचारलं.

सांगितलं होतं, दर महिन्याला. बाई "बरं" म्हणून काहीतरी लिहायच्या. त्या बसवत नाहीत, म्हणजे काळजीचं काही नसणार, असं मी खुशाल धरून चालले होते.

ठाण्याला, शेवटच्या वळणावर, माझ्या नडगीचं हाड मोडलं. "कशी पडलीस?" डॉक्टरांनी विचारलं. मी पडलेच नव्हते. धावता धावताच मोडलं होतं ते. पुन्हा धावणं जमणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

बाई त्यांच्याशी बोलायला बाहेर गेल्या आणि वही माझ्या खाटेवर राहिली. मी माझं पान उघडलं. चारही महिन्यांच्या तारखा होत्या, वळणदार अक्षरात, बरोबर अठ्ठावीस-अठ्ठावीस दिवसांच्या अंतरानं.

बाई परत आल्या तेव्हा पान उघडंच होतं.

"बाई, या कुणाच्या तारखा?"

त्या खाटेच्या कडेवर बसल्या. वही मिटून म्हणाल्या, "तुझ्यासारखी मुलगी मला पुन्हा मिळाली नसती गं."

हे त्या अगदी मायेनं म्हणाल्या, आणि तेच मला अजून गिळता येत नाही. मला खरं सांगितलं असतं, तरी मी धावलेच असते, हट्टानं धावले असते. मग ते हाड निदान माझ्या मर्जीनं मोडलं असतं.