बाबांच्या ओठावरचं घड्याळ

मला धीर नाही. चहा उकळेपर्यंत मी तीनदा झाकण उचलते, सिग्नलला गाडी नुसती गुरगुरवत ठेवते. अशा मुलीच्या वाट्याला बास्केटबॉलमध्ये चेंडू धरून उभं राहायचं काम यावं, म्हणजे थट्टाच. क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, संपायला चोवीस सेकंदांहून कमी उरले आणि चेंडू आपल्याकडे असला, की घाई करायची नाही. टप्पे देत वेळ खायचा, सात-आठ सेकंद उरले की आत घुसायचं आणि अगदी शेवटच्या दोनात फेकायचं. चेंडू आत गेला तर गुण आपले. नाही गेला तरी समोरच्यांच्या हाती वेळ उरत नाही. आधी फेकलं की सगळी मेहनत पाण्यात.

हुडकेश्वरच्या आमच्या मैदानावर वेळ दाखवणारा फलक नाही. टेबलावर स्टॉपवॉच घेऊन बसतात ते माझे बाबा. दिवसभर कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी हे बिनपगारी काम. दहा सेकंद उरले की दोन्ही संघांना ऐकू जाईल असं ते "दहा" म्हणून ओरडतात. पुढचं ज्याचं त्यानं मनात मोजायचं. माझं मोजणं कायम पळत सुटतं. मनात दहा होतात तेव्हा घड्याळात जेमतेम सहा झालेले असतात. पण बाबांची एक सवय मला सापडली होती. तीनेक सेकंद उरले की ते खालचा ओठ दातांखाली धरतात. त्यांना स्वतःला याचा पत्ता नव्हता. मी चेंडू आपटत डोळ्यांच्या कोपऱ्यातून तेवढं बघायची आणि फेकायची. दोन वर्षं माझी वेळ कधी चुकली नाही. यात काही वावगं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

या उन्हाळ्यात जिल्हा संघाची निवड आमच्याच मैदानावरच्या सामन्यातून होणार होती. पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं, म्हणजे हीच काय ती संधी. आदल्या दिवशी एका जागी बसवेना म्हणून आईच्या मागेमागे स्वयंपाकघरात फिरत होते, आणि बोलता बोलता तिला ती ओठाची गंमत सांगून टाकली. आई खूप हसली.

सामना सुरू झाला तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळ्यांनी उन्हासाठी तोंडाला बांधलेले दुपट्टे सोडून गळ्यात टाकले. बाबांचा मात्र तसाच होता, नाकापासून हनुवटीपर्यंत घट्ट. पहिल्या दोन क्वार्टरच्या शेवटी चेंडू समोरच्या संघाकडे होता, म्हणून मी टेबलाकडे लक्षच दिलं नाही. तिसऱ्याच्या शेवटी तो माझ्या हातात आला. निवड करणारे पलीकडच्या बाकावर बसले होते. "दहा" ऐकू आलं. मी टेबलाकडे बघितलं, तर नुसतं पांढरं कापड. जीव कासावीस झाला, मनातलं मोजणं सुसाट सुटलं आणि मी फेकलं. चेंडू रिंगला लागून बाहेर आला. समोरच्या मुलीनं तो उचलला, धावत आमच्या टोकाला नेला आणि बास्केटमध्ये टाकला. त्यानंतर कुठे शिट्टी झाली. शेवटच्या क्वार्टरमध्ये माझं काहीच जमेना. सरांनी मला बाहेर बसवलं आणि माझी निवड झाली नाही.

घरी जाताना बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मी रागानं धुमसत होते. चौकात गाडी थांबली तेव्हा राहवलं नाही. "बाबा, दुपट्टा काहून नाही सोडला तुम्ही?"

त्यांनी मागे वळून बघितलं नाही. "तुह्या आईनं ओठाचं सांगतलं मले," ते म्हणाले. सिग्नल सुटला तशी त्यांनी गाडी पुढे काढली. "दोन वर्षं झाले, मी साऱ्या ऑफिसात सांगत फिरून राहिलो वं, का माह्या पोरीच्या डोक्यातच घड्याळ आहे."

निवड झाली नाही याचं रडू मी मैदानावर आवरलं होतं. हे मात्र आवरता आलं नाही.