खालचा संगणक दिसत नाही

फॉल्टअण्णा हे नाव त्यांना टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पडलं. चौतीस वर्षं लोकांचे मुके फोन बोलते करण्यात गेली आणि एक नेम त्यांनी कधी मोडला नाही. बिघाड आधी आपल्या टोकाला शोधायचा, दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडायची ती नंतर. वहीत तारीख, तक्रार, कारण. कारणाचा रकाना रिकामा ठेवणारा त्यांच्या लेखी कामचुकार.

आता ते मुलाच्या घरी, वरच्या खोलीत असतात. बायको गेल्यावर तिचे सगळे फोटो त्यांनी स्वतः स्कॅन केले. मुलाने ते खाली, आपल्या कामाच्या संगणकावर ठेवले. त्या संगणकाला अण्णांनी हात लावायचा नाही, हे ठरलेलं. पण रोज दुपारी वरूनच, वायफायवरून आपल्या संगणकावर, ते एक फोटो उघडायचे. एकच, पुरवून पुरवून. मग मुलाने वायफायचा नवा डबा बसवला आणि खालचा संगणक दिसेनासा झाला. इंटरनेट मात्र झकास चालू.

"बाबा, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल," मुलगा म्हणाला.

अण्णांना पटलं. पंधरा दिवस म्हातारा हात धुऊन स्वतःच्याच मागे लागला. आपला संगणक बंद करून चालू केला, फायरवॉल काढून पाहिली, चष्मासुद्धा बदलून पाहिला.

शेवटी त्यांनी सुनेकडून खालच्या संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता लिहून घेतला आणि आपल्या संगणकाच्या पत्त्याशेजारी मांडला. आकडे जुळेनात. "म्हणजे दोन वेगळी एक्स्चेंज," ते मोठ्याने म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं.

जिन्याखाली डब्याला कागद चिकटवला होता. मुलाचं नीटस अक्षर. दोन वायफायची नावं, दोन पासवर्ड; एकावरून दुसऱ्यावरचे संगणक दिसत नाहीत. पहिल्यासमोर लिहिलं होतं, 'घरातले'. दुसऱ्यासमोर, 'पाहुणे, बाबा'.

मागे एकदा अण्णांनी भलत्याच मेलवर टिचकी मारली होती, तेव्हा कामाचा संगणक जपण्यात पोराचंही चुकलं नसेल. तरी त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. तिथेच पायरीवर ते बसून राहिले.

संध्याकाळी मुलाने बूट काढता काढता विचारलं, "सापडला का बिघाड?"

"बघतोय."

"जाऊ द्या हो. इंटरनेट मिळतंय ना तुम्हाला?"

"मिळतंय की."

वर येऊन त्यांनी वही उघडली. तारीख घातली, तक्रार लिहिली. कारणापाशी पेन थांबलं. आपल्या मागे ही वही मुलाच्याच हाती पडणार. अण्णांनी लिहिलं, 'दोष आपल्याच टोकाला', आणि खाली सही केली.