गोदामातली तसबीर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते बसवनगुडीच्या अक्कांचे. निपाणीजवळच्या आमच्या गावातून, आमच्या घरातून, कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बंगळुरात ओळखीचं कुणी नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनी दिलेली चिठ्ठी घेऊन अक्कांच्या दारात उभा राहिलो, तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. "आधी हातपाय धू," म्हणाल्या. अक्का विधवा होत्या, मुलगी लग्न होऊन धारवाडला गेलेली. पदवी मिळेपर्यंत मी त्यांच्याकडेच जेवलो. पुढे विमा कंपनीत नोकरी लागली, वेगळी खोली घेतली, तरी शुक्रवारचं जेवण अक्कांकडेच राहिलं.

त्यांच्या धाकट्या भावाला मी अण्णा म्हणत असे. चिकपेटेत त्यांचं रेशमी साड्यांचं दुकान होतं आणि मागच्या गल्लीत गोदाम. साठ सालाच्या सुमारास ते गोदाम जळालं आणि भरपाईचा दावा आमच्याच कंपनीत आला. मी साहेबांना सांगितलं की ही माणसं माझ्या घरच्यासारखी आहेत, मला यातून वगळा.

"म्हणूनच पाठवतोय," साहेब म्हणाले. "तिथं काय दिसतं ते कळेल, आणि तुम्हाला काय दिसत नाही तेही कळेल."

पाहणीला गेलो तेव्हा सर्वेक्षक अर्धवट जळलेले गठ्ठे उलटेपालटे करत होता. माझं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथं महालक्ष्मीची मोठी तसबीर असायची, अण्णांच्या वडिलांनी लावलेली. दर दिवाळीला तिच्यासमोर बसून मी प्रसाद खाल्ला होता. आता नुसता खिळा होता. भिंत सगळीकडे सारखी काळी होती, चौकटीमागची जागासुद्धा. चपलेनं राख बाजूला केली. काचेचा एक तुकडा नाही, चौकटीची तार नाही.

"अण्णा, देवीची तसबीर?"

"जळली असेल. काय काय बघू मी?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मग सर्वेक्षकाला कळू नये म्हणून मराठीत, हळूच, "तू आपला माणूस. जरा सांभाळून घे."

त्या शुक्रवारी अक्कांकडे गेलो. जेवायला बसण्याआधी देवाला नमस्कार करायची माझी सवय त्यांनीच लावलेली. मी देवघराकडे वळलो, तर अक्का आडव्या आल्या. "नमस्कार आज राहू दे. पान वाढलंय."

देवघराचा पडदा ओढलेला होता. इतक्या वर्षांत तो मी कधी ओढलेला पाहिला नव्हता. मी तो बाजूला केला. महालक्ष्मी तिथं होती, काच पुसलेली, ताजी शेवंती वाहिलेली.

"अक्का, ही कधी आली?"

"तू विचारतोस, का तुझं हापीस?"

"दोघंही."

त्या पाटावर बसल्या. "आगीच्या आदल्या दिवशी. गोदामाला चुना लावायचाय म्हणाला. मी म्हटलं सरी, बरं, ठेव."

"मग पडदा?"

"आग लागल्याचं कळलं, तेव्हा ओढला."

भात निवत होता. मग त्यांनी विचारलं, "त्याला काय होईल?"

मी आडपडदा न ठेवता सांगितलं. दावा खोटा ठरला की पैसा तर जाईलच, पॉलिसी रद्द होईल. फसवणुकीचा खटला होईल, आणि आग स्वतःच लावल्याचं सिद्ध झालं तर तो त्याहून मोठा गुन्हा, कारण गोदामाच्या माडीवर बिऱ्हाड होतं. ते लोक वेळेवर खाली उतरले म्हणून वाचले.

"आणि दावा मागे घेतला तर?"

"कंपनी कदाचित विषय सोडेल. पोलिसांचं मी सांगू शकत नाही. पण सोमवारी मला अहवाल द्यावाच लागेल, अक्का. त्यात हे लिहीन."

"लिही. पण मला त्याच्याशी बोलू दे स्वल्प."

त्या दुसऱ्या दिवशी भावाकडे जाऊन आल्या. अण्णा हसले म्हणे. "देवीला घरी आणली म्हणून कुणी तुरुंगात गेलंय? त्या पोराला इतकी वर्षं जेवू घातलंस, त्याचंच हे फळ." दावा त्यांनी मागे घेतला नाही.

मी अहवाल दिला. साहेबांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वाचला. तपासात चांगल्या साड्यांचे गठ्ठे देवनहळ्ळीला अण्णांच्या एका नातेवाइकाच्या गोठ्यात मिळाले. पोलिसांनी अक्कांच्या देवघरातून तसबीर जप्त केली. खटल्यात अक्कांना साक्षीला बोलावलं. बहीण भावाविरुद्ध काय बोलणार, असं कोर्टात सगळे कुजबुजत होते. अक्का पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि पडद्यासकट सगळं सांगितलं. अण्णांना कैद झाली. अक्का घराला कुलूप लावून धारवाडला निघून गेल्या. मला शेजाऱ्यांकडून कळलं.

ते घर मला कायमचं बंद झालं की काय, हे विचारायचा धीर मला नव्हता. कोर्टाचा हुकूम झाल्यावर मात्र लिहावंच लागलं. ते पत्र असं:

तीर्थस्वरूप अक्कांना साष्टांग नमस्कार.

कोर्टानं तसबीर परत देण्याचा हुकूम केला आहे. ती तुमच्या घरातून जप्त झाली, म्हणून तुमच्याच हाती मिळेल. माझी सही चालत नाही, विचारून पाहिलं. मुद्देमालाच्या खोलीत ती दारूच्या डब्यांमागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. कारकुनाला विनंती करून वळवून घेतली. काच शाबूत आहे.

तुरुंगात अण्णांना भेटलो. त्यांनी एवढंच विचारलं, "अक्का जेवते ना?" तुम्हाला विचारून कळवतो म्हटलं.

कधी येणार ते कळवा. स्टेशनवर येईन. माझ्याबरोबर बसायचं नसेल तर घोड्याचा जटका ठरवून देईन आणि मी मागून सायकलवर येईन. किल्ली शेजारी आहे. शुक्रवारी जाऊन अंगण झाडतो. आत गेलेलो नाही.