निलव्वाचे गाल

“मास्तर, पोरगी सुजलीया म्हनत्यात!” मल्लाप्पाअण्णा पडदा सारून स्टुडिओत आले आणि करमाळ्याहून परत आलेला फोटो त्यांनी माझ्या टेबलावर टाकला.

फोटो मीच काढलेला होता. ही १९३५च्या आसपासची गोष्ट. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझा स्टुडिओ होता आणि जवळच अण्णांचं भुसाराचं दुकान. त्यांची मुलगी निलव्वा अठरा वर्षांची झाली होती. तेव्हा तो उशीर समजत. मुलगी बारीक, एवढ्यावरून दोन स्थळं गेली होती. बारीक म्हणजे घरात खायला नाही, नाहीतर अंगात रोग आहे, असं लोक धरून चालत. तिसरं स्थळ करमाळ्याच्या एका तरुण डॉक्टरचं. त्याने आधी फोटो मागवला होता.

फोटोच्या दिवशी आईने तिला इरकली लुगड्याच्या आत आणखी दोन लुगडी नेसवून आणलं होतं. स्टुडिओचं छप्पर काचेचं. त्याखाली ती घामाने निथळत होती. महिनाभर तिला तूप आणि डिंकाचे लाडू चारणं चालू होतं, तरी गाल भरले नव्हते.

“गाल तेवढं भरून द्या की,” आई मला म्हणाली होती.

याला रिटचिंग म्हणतात. निगेटिव्ह म्हणजे काचेची पाटी. तिच्यावर उजेड आणि सावली उलटी उमटते. गालाच्या खळग्यावर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके दिले, की छापताना तिथली सावली जाते आणि गाल भरलेला दिसतो. हे काम माझी पत्नी सुमती करायची. तिला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिताना हात सावकाश चालतो. तिने गाल सफाईने भरले. अण्णा खूश होऊन फोटो घेऊन गेले. आणि आता हे.

“डॉक्टरांचा निरोप हाय,” अण्णा म्हणाले. “तोंडावर सूज दिसती, लग्नाचं नंतर बघू, आधी लघवी तपासून घ्या. बारीक म्हनून दोन गेली. आता रोगी म्हनून कोन येतंय हिला बघाया?”

त्यांच्या मागोमाग निलव्वा आणि तिची आई आल्या. आईचे डोळे लाल होते.

सुमतीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि तिला हसू आलं.

“डॉक्टर हुशार आहे,” ती म्हणाली. “गाल मी भरले, मनगटं तशीच राहिली. एवढ्याशा मनगटांवर असा चेहरा म्हणजे सूजच की.”

“मग हात बी भरा,” अण्णा म्हणाले.

“भरते. पण बघायला आल्यावर काय करायचं?”

“अप्पा,” निलव्वा वडिलांना म्हणाली, “लाडू खाऊन पोटाची पार वाट लागलीया. मी हाय तशीच फोटोत असू दे.”

“गप गं! तुला कुनी इचारलं?” आई म्हणाली.

“मीच विचारणार होते,” सुमती म्हणाली आणि अण्णांकडे पाहत उभी राहिली.

अण्णांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी पुन्हा घातली. “पाठवा. पन हे बी स्थळ गेलं तर तुमच्या दारात येऊन बसीन, मास्तर.”

“बसा. चहा देऊ,” मी म्हणालो.

पेन्सिलीचं काम निगेटिव्हवर वरवरच असतं. सुमतीने कापसावर टर्पेंटाइन घेऊन दोन्ही गाल पुसून काढले. मी नवीन फोटो छापला. गाल स्टुडिओने भरले होते, मुलीला सूज नाही, असा निरोप देऊन अण्णांनी तो पाठवला.

थोड्याच दिवसांत डॉक्टर स्वतः अण्णांच्या घरी मुलगी बघायला आला. तिथे काय झालं ते अण्णांनीच येऊन सांगितलं. त्याने निलव्वाला विचारलं, “काय खाता?” ती म्हणाली, “भाकरी, शेंगाचटणी, पालेभाजी. अलीकडं नुसतं लाडू.” डॉक्टर म्हणाला, “लाडू बंद करा. बाकीचं चालू द्या.” पाहुण्यांसमोर पोरीने भाकरीचं नाव काढलं म्हणून आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लग्न ठरलं. मांडवात डॉक्टरची आई म्हणाली, “सून अगदी काडी हाय रे.” तो म्हणाला, “अव्वा, मला तिच्यासंगं कुस्ती खेळायची न्हाय.”

तरीही लोकांचं गाल भरून मागणं काही थांबलं नाही. आणखी काही वर्षांनी तर उलट, गाल कमी करून द्या म्हणणारे येऊ लागले. आम्ही दोन्ही कामं केली. पोट त्यावरच होतं. फक्त पद्धत बदलली. पूर्वी गाल कसे हवेत हे आम्ही सोबत आलेल्यांना विचारत असू. नंतर सुमती त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून खुर्चीतल्या मुलीलाच विचारायची. त्यामुळे आमचं रिटचिंगचं काम बरंच घटलं. सुमतीला त्याचं वाईट वाटल्याचं मला आठवत नाही.