घराण्याची टाच

बुटांच्या त्या छोट्या दुकानाचा मालक कारागीर म्हणून नावाजलेला होता आणि संशयी म्हणून त्याहून जास्त. गल्लीत सगळे त्याला तपासनीस म्हणत. कातडं घेताना तो ते उजेडात धरी, वाकवी, हुंगे, आणि एवढं करून वर विकणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघे. घरी आलेलं दूधसुद्धा बोटाला लावून पाहिल्याशिवाय चुलीवर चढत नसे. बायको म्हणायची, "अहो, लग्नाच्या वेळी मला उजेडात धरून बघितलं नाहीत, एवढं नशीब माझं." त्यावर तो म्हणे, "तेव्हा अक्कल कुठे होती?"

अशा माणसाच्या रक्तात चरबी निघाली. तीही थोडीथोडकी नाही, नेहमीच्या डॉक्टरांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचावा एवढी. वय सत्तेचाळीस, अंगाने काटकुळा, तेल थेंबाथेंबाने खाणारा. त्याने तिथल्या तिथे निकाल दिला, बाटल्यांची अदलाबदल झाली असणार, कुठल्यातरी ढेरपोट्याचं रक्त आपल्या नावावर चढलंय. मग कुणाला पत्ता लागू न देता तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत जाऊन आला. तिथे आकडा चारने जास्तच आला. दुसऱ्या कुणाला एवढं पुरलं असतं. याला वाटलं, दोघांचं आतून साटंलोटं आहे.

शेवटी मुलीपुढे त्याचं काही चाललं नाही. मुलगी चोवीस वर्षांची, शाळेत खेळ शिकवायची. बाबा हल्ली जिन्यात मध्येच थांबतात आणि थांबलो नाही असं दाखवायला कठड्यावरची धूळ बघतात, हे तिनेच हेरलं होतं. रक्तातल्या चरबीच्या तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंची वेळही तिनेच घेतली.

"फक्त चरबीच बघतात?" त्याने विचारलं.

"हो."

"म्हणजे येईल त्याच्यात चरबीच सापडणार."

दवाखान्यात पाऊल टाकलं आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एका गोळीचं नाव होतं. टेबलावरच्या पेनावर तेच नाव, आणि प्लॅस्टिकचं लालभडक हृदय ज्या बैठकीवर उभं होतं तिच्यावरही तेच. बाकी लोक मासिकं चाळत होते, हा एकटा नावं मोजत बसला होता.

डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. त्याने सवयीने आधी त्यांचे बूट पाहिले. माणूस ओळखायचा तर तोंड बघू नये, बुटाचा तळ बघावा, असं त्याचं ठाम मत होतं. बाईंचे बूट सपाट होते, तळ एकदा बदललेला, आणि तोही कुणीतरी गबाळ्याने. दिवसभर उभी राहणारी बाई दिसते, एवढं त्याने नाइलाजाने मान्य केलं.

"वडील किती वर्षांचे असताना गेले?" त्यांनी विचारलं.

"पंचेचाळीस."

"कशाने?"

"कामाने."

"भावंडं?"

"एक भाऊ होता, बिनलग्नाचा. एकेचाळिसाव्या वर्षी गेला. सिगारेट ओढायचा."

बाईंनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "बूट काढा."

चरबी रक्तात आणि ह्या बूट काढायला सांगतायत. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्याला पक्कं कळलं, तरी त्याने बूट काढले. बाई एका बुटक्या स्टुलावर बसल्या आणि त्यांनी त्याचा पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. तीस वर्षं तो असाच बसून लोकांचे पाय गुडघ्यावर घेत आला होता. त्याचा पाय आजवर कुणी घेतला नव्हता. तो अवघडला, मोजा फाटका आहे हे त्याला आत्ता आठवलं.

टाचेच्या वरची जाड शीर बाईंनी दोन बोटांत धरून पाहिली.

"ही इतकी जाड कधीपासून?"

"ती आमच्या घराण्याची टाच आहे," तो जरा ताठून म्हणाला. "वडिलांची अशीच होती. भावाचीही. आमच्या बुटांना मागे जास्त जागा सोडावी लागते."

बाईंनी पाय हळूच खाली ठेवला. "ही चरबीच आहे," त्या म्हणाल्या. "वर्षानुवर्षं साठत येते. हे खाण्यापिण्याने होत नाही, आईबापांकडून येतं. इथे साठली तशी हृदयाच्या नळ्यांतही साठते. तुमचे वडील आणि भाऊ बहुतेक त्यानेच गेले. तुम्हाला रोज गोळी घ्यावी लागेल, कायमची. मुलं आहेत?"

"एक मुलगी."

"तिला घेऊन या. असं असलं की निम्म्या मुलांत ते उतरतं. लवकर कळलं तर आयुष्य नीट जातं, उशीर मात्र नको."

एवढं ऐकलं आणि त्याला सगळा डाव उलगडला. एक गिऱ्हाईक हाती लागलं की आख्खं घर गळाला लावायचं. त्याने गोळीची चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि घरी येऊन सांगितलं, "काही नाही. तेल कमी खा म्हणाल्या."

"आणखी?" मुलीने विचारलं.

"आणखी काय म्हणणार?"

आठवडा गेला. चिठ्ठी खिशातच होती. मुलगी शाळेतून येताना दुकानात डोकावली आणि तिने आपले पळायचे बूट समोर ठेवले. "बाबा, मागची कड पुन्हा खाली करता? टाचेवर घासतेय."

ती गेल्यावर तो 'पुन्हा' त्याच्या कानात राहिला. फळीवर पायांचे लाकडी फर्मे होते, ज्याच्या त्याच्या मापाचे, ज्यांच्यावर बूट चढवून शिवायचे. त्याने मुलीचा जोड काढला. पायाचा फुगवटा जिथे असेल तिथे फर्म्यावर कातड्याचा तुकडा चिकटवून माप वाढवतात. तिच्या टाचेवर एक तुकडा आधीच होता. दोन वर्षांपूर्वी त्यानेच लावला होता आणि बायकोला कौतुकाने म्हणाला होता, "बघ, माझीच लेक." आता दुसरा तुकडा कापून त्याने डिंकाचा ब्रश हातात घेतला होता.

ब्रश तसाच राहिला. त्याने स्टुलावर चढून सगळ्यात वरची फळी गाठली. तिथे वडिलांचा फर्मा होता, भावाचा होता, त्याचा स्वतःचा होता. गेलेल्यांचे फर्मे त्याने कधी मोडीत काढले नव्हते. वडिलांच्या टाचेवर तीन तुकडे, एकावर एक. भावाच्या टाचेवर दोन. त्याच्या स्वतःच्या टाचेवर तीन.

फर्मे घेऊन तो खाली उतरला. ह्या तुकड्यांवर कुठल्या गोळीचं नाव छापलेलं नव्हतं. वडिलांचे सोडले तर सगळे त्याच्याच हाताने लागले होते. जन्मभर त्याने जगाचा माल उजेडात धरून बघितला आणि ही एक टाच घरची म्हणून तशीच सोडून दिली. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. आठ दिवस त्याने आपल्या पोरीपासून लपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्याने पिशवीतून एकेक फर्मा काढून ओळीत मांडला.

"वडील," तो म्हणाला. "भाऊ. मी."

चौथा फर्मा लहान होता. बाईंनी तो हातात घेतला, टाचेवरच्या तुकड्यावरून अंगठा फिरवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"बाहेर बसलीये," तो म्हणाला.

मुलीला आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "घाबरू नका. या वयात सापडलं तर हातात वेळ असतो. बूट काढा." मुलगी वाकणार एवढ्यात तोच तिच्यापुढे खाली बसला आणि नाडी सोडू लागला.

"अहो बाबा, मी काढते ना."

"राहू दे." गाठ सुटत नव्हती. त्याने मान वर केली नाही. "त्या दिवशी ह्यांनी आणखीही सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुला घेऊन यायला सांगितलं होतं."