जर्मनच्या यादीत माझं नाव नव्हतं

"तू इथे कशी? तुझं नाव टायपिंगला आहे."

जर्मनच्या वर्गाचा पहिला दिवस होता. मी पहिल्या बाकावर. बाईंनी भर वर्गात विचारलं. मी म्हटलं, काहीतरी चूक झाली असेल. चूक नाही, त्या म्हणाल्या. मग आवाज जराही खाली न आणता म्हणाल्या, "तुझे वडील संपावर आहेत ना? जर्मन शिकून काय करणार? टायपिंग शीक, पोटापाण्याला लागशील."

कोणीतरी हसलं. मी दप्तर उचललं.

याच बाईंनी मला महिनाभर घरी बोलावलं होतं. दादरला. मी लालबागहून चालत जायची. "तुझी जीभ छान वळते," म्हणायच्या. गॅलरीत बसवून त्यांनी माझ्याकडून अकरा ओळींचं जर्मन भाषण घोटून घेतलं. अर्थ सांगितला नाही. नववीपासून शाळेला जर्मन सुरू करायचं होतं आणि मदत करणारे जर्मन साहेब पाहायला येणार होते. साहेब आले. मी अकरा ओळी न चुकता म्हटल्या. साहेबांनी पुस्तकं दिली, टेपरेकॉर्डर दिला. बाईंनी पाठीवर हात ठेवला. "हा वर्ग तुझ्यामुळे आला."

मी चाळीत सगळ्यांना सांगत सुटले होते.

टायपिंगचा, म्हणजे व्यापार शिक्षणाचा, वर्ग जिन्याखाली भरायचा. चार टाइपरायटर, दोन चालणारे. आम्ही चौदा जण. पहिल्या दिवशी एकमेकांना विचारलं, तुझे बाबा कुठे? सगळे गिरणीत. सगळे घरी. यादी कशी केली ते तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर साहेब पुन्हा येणार होते. बाई स्वतः जिन्याखाली आल्या. जर्मनच्या वर्गातल्या मुलींचे उच्चार अजून बसले नव्हते. "पाच मिनिटांचं काम. तेच भाषण म्हण." मी हो म्हटलं.

जर्मनला असलेल्या मैत्रिणीकडून मी चार शब्द मागून घेतले. या वेळी अर्थासकट.

साहेब, मुख्याध्यापक, पुढे सगळा वर्ग. मी उभी राहिले. म्हटलं, "इश लेर्ने हिअर निश्ट." मी इथे शिकत नाही.

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई हसल्या, इंग्रजीत म्हणाल्या, मुलगी घाबरली आहे.

"मी घाबरले नाही," मी मराठीत म्हटलं. "मला जिन्याखाली टायपिंगला बसवलंय. माझे वडील गिरणीत आहेत म्हणून. आज फक्त तुम्हाला दाखवायला वर आणलंय."

साहेबांना कोणी भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांनी माझे उच्चार चांगले आहेत असं सांगितलं आणि चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं आलं. मला बरं वाटलं. माझे बाबा गिरणीच्या गेटवर सगळ्यांच्या पुढे उभे राहायचे. पोलिसांची लाठी खाऊनही दुसऱ्या दिवशी गेटवर जायचे. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली नाही. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मुलगी माफी मागेल तर ठेवू, असं मुख्याध्यापक म्हणाले.

बाबांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळले. "माफी माग गो बाय. शाळा सुटली तर काय करतलंस?"

त्या खोलीत माझ्या बाजूचं कोणीच नव्हतं. बाबांचे जोडलेले हात मला बघवत नव्हते. त्यांच्यासाठी एक शब्द बोलून टाकावा असं वाटलं. तोंड उघडलंही होतं.

"नाही मागणार," मी म्हटलं.

शाळेने दाखला हातात दिला. बाबा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी परळच्या पालिकेच्या शाळेत दहावी केली. संप मिटलाच नाही, बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. बाई पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मागच्या वर्षी त्यांचं पत्र आलं. शाळेच्या समारंभात माजी विद्यार्थिनी म्हणून जर्मनमध्ये चार शब्द बोलावेत, तुझी जीभ छान वळायची.

मी उत्तर लिहिलं. माझ्या दाखल्यावर शाळा सोडल्याचं कारण 'गैरवर्तन' लिहिलं आहे. ते सगळ्यांसमोर खोडा. मग येईन, आणि काय बोलायचं ते मी ठरवीन.