अठरा वर्षांपूर्वी सोडलेलं ताट

आत्येभावाचा फोन आला. "मामाला घिऊन ये जत्रेला. आई थकलीया. परत म्हनशील, सांगितलं न्हाय." एवढं बोलून ठेवला. आमच्या कोल्हापूरकडचं आमंत्रण असं दम दिल्यासारखंच येतं.

पप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बघू." मी जरा भांडखोरच आहे. म्हटलं, "काय बघू? तुम्ही एकोणऐंशीचे, आत्ती चौऱ्याऐंशीची. अजून किती वर्षं बघणार?" दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पिशवी भरली.

आधी भानगड सांगते. पप्पा तरुणपणी ख्रिस्ती झाले, पुढे पुण्यातल्या चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू. आत्ती त्यांची थोरली बहीण, मुरगूडजवळच्या गावात, देवीची भक्त. तरी येणंजाणं होतं. अठरा वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदाच जत्रेला गेलो. ताट वाढल्यावर पप्पांनी विचारलं, "आक्का, हे देवीला दाखवलेलं बकरं आहे का?" ती म्हणाली, "व्हय, मग?" पप्पा भरल्या ताटावरून उठले. वर पंगतीसमोर उभं राहून मूर्तीला वाहिलेलं आणि रक्त कसं वर्ज्य, यावर प्रवचन दिलं. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते. आजही ते आठवलं की मला लाज वाटते.

जाणार असाल तर पुण्याहून पहाटेची एसटी घ्या. माझं अर्धं तिकीट, पप्पांचं माफ. रस्त्याची कामं चालू आहेत, गाडी सारखी बाजूच्या कच्च्या रस्त्याला उतरते; सात तास धरून चाला. कोल्हापुरात स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. सकाळी मुरगूडची पहिलीच गाडी धरा, जत्रेच्या दिवशी नंतर पाय ठेवायला जागा नसते.

शेजारच्या सीटवरच्या फेटेवाल्यांनी विचारलं, "पावणं, जत्रंला काय?" पप्पा "हो" म्हणाले. "मग आज चंगळ हाय की! दाबून जेवा." पप्पा कसनुसं हसले.

कागल मागे पडल्यावर ते आपणहून बोलू लागले. "पहिले शिष्य सगळे यहुदीच. मोशेचं नियमशास्त्र त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. मग बाहेरचे लोक येशूच्या मागे यायला लागले. यांनीही सुंता करायची का, सगळे नियम पाळायचे का, यावरून यरुशलेमात मोठा वाद झाला. शेवटी ठरलं, त्यांच्यावर ओझं लादायचं नाही. मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि व्यभिचार, एवढं टाळा म्हणाले."

"म्हणजे तुमचं बरोबरच होतं की."

"थांब. पुढे एका प्रेषितानं करिंथ शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलं, कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, चौकशी करू नका. कुणी आपणहून सांगितलं की हे वाहिलेलं आहे, तरच थांबा, तेही सांगणाऱ्याचं मन जपायला. जन्मभर हे शिकवलं मी. आणि बहिणीच्याच घरी चौकशी केली."

"आणि आज?"

"विचारणार नाही. वाढेल ते खाईन." हे त्यांना सोपं नव्हतं. पत्रात मुभा असली तरी नियम मोडतोय, हेच त्यांच्या मनात होतं.

आत्ती सोप्यात, पुढच्या ओसरीवर बसली होती, अगदी काटकुळी झालेली. पप्पांकडं बघून म्हणाली, "वाळलास की रं." पप्पा म्हणाले, "तूबी." अठरा वर्षांचं बोलणं तेवढ्यात झालं.

पंगत बसली. तांबडा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. माझ्या ताटात रक्तीही होती, म्हणजे बकऱ्याचं रक्त शिजवून परतलेलं. पप्पांच्या ताटात नव्हती. मला वाटलं, गडबडीत राहिली. त्यांना आत्ती स्वतः वाढत होती, छोट्या पातेल्यातून. सुनेला पळीला हात लावू दिला नाही.

पप्पांनी डोळे मिटून प्रार्थना केली. एवढी लांब, की माझा जीव टांगणीला लागला. आत्ती पळी धरून तशीच उभी. मग त्यांनी डोळे उघडले, भाकरीचा तुकडा मोडला आणि रश्शात बुडवला.

"तिखट हाय का?" आत्तीनं विचारलं.

"न्हाय," पप्पा म्हणाले. पुण्यात इतकी वर्षं काढलेला माणूस! त्यांनी ताट पुसून घेतलं. मी ढसाढसा रडले आणि तिखटावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी वहिनी, म्हणजे आत्तीची सून, आम्हाला एसटीच्या थांब्यावर सोडायला आली. पप्पा पुढं गेलेले बघून हळूच म्हणाली, "मामांचं मटण येगळं हुतं. आदल्या दिवशी मुरगूडच्या दुकानातनं आणल्यालं. रगतबी न्हाय घाटलं. दर जत्रंला आत्या तेवढं पातेलं येगळं शिजवत्यात. आला तर उपाशी उठाय नको म्हनत्यात."

"आणि नाही आले की?"

"सांजच्याला आमीच खातो."

परतीच्या वाटेवर मला तोंड उघडवेना. पप्पा खुशीत होते, मोकळे झाले होते. त्यांचं ते समाधान कशाला हिरावून घ्यायचं? पण पुण्यात आल्यावर चहा पिताना ते म्हणाले, "बहिणीसाठी मी नियम सोडला बघ." मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

चहा निवून गेला. "दरवर्षी?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी."

"तिनं करिंथच्या त्या पत्रातलं अक्षर वाचलेलं नाही गं, तरी माझं मन जपलं," ते म्हणाले आणि चष्मा काढून रडले. लपवलंही नाही. मग मला फोन लावायला सांगितला.

"आक्के, पुढच्या जत्रेला एकच पातेलं ठेव."

पलीकडून आत्तीचा नेहमीचा चढा आवाज आला, "ते माझं मी बघीन. तू आदी ये तर."